पट्टा हातात आहे असं वाटत होतं

माझ्या मानेचं ऑपरेशन होऊन आता सहा महिने झाले. भेटायला येणारे म्हणतात, "वाचलीस बाई, देवाची कृपा." मी मान हलवते, म्हणजे जेवढी हलते तेवढी. चालता येतं, डावा हात चांगला आहे. उजव्या हाताची तीन बोटं अजून दुसऱ्याची असल्यासारखी वाटतात. हे सगळं मी डाव्या अंगठ्याने मोबाइलवर लिहितेय, त्यामुळे वेळ लागतोय.

पण गोष्ट एवढीच असती तर मी लिहायला बसले नसते. आजार मला झाला आणि त्याचा मोठा फटका पळसदेवच्या एका माणसाला बसला. त्याला हे माहीत नव्हतं, मला मात्र माहीत होतं. तुमच्या हातातून वस्तू सुटत असतील, पायातली चप्पल निघालेली कळत नसेल, तर माझ्यासारखं करू नका. त्यासाठी लिहितेय.

मालिशवाली

बारामतीतली एक संस्था पेशंटच्या घरी माणसं पाठवते. तिथे मी अकरा वर्षं ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट आहे. हे नाव कुणाच्या तोंडी बसत नाही. गावात शिरले की "मालिशवाली बाई आली" म्हणतात. मी सगळ्यांशी भांडून दमले की बाबांनो, मी मालिश करत नाही. अर्धांगवायू झालेल्या किंवा हाड मोडलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने जेवायला, अंघोळ करायला, सदरा घालायला पुन्हा शिकवायचं, हे माझं काम. आमच्या थेरपिस्ट मॅडम येऊन तपासतात आणि काय करायचं ते ठरवून देतात. रोजचं करून घेते ती मी. भिगवण, पळसदेव, इंदापूर, कधी थेट बावडा, सगळं स्कूटीवर.

मी फटकळ आहे. पेशंट रडायला लागला की मी म्हणते, रडा, पण रडताना चमचा धरा. लोकांना राग येतो, पण लोक उठतात. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू?

आमच्या कामात पेशंटला पहिला प्रश्न असतो, "तुम्हाला पुन्हा काय करायचंय?" तो जे सांगेल तिथून सुरुवात. पळसदेवच्या तात्यांनी सांगितलं होतं, "पानी उतारलं की जुनं देऊळ उगडं पडतंय. तितवर माझ्या पायानं जायाचं. कुनी उचलून न्यायाचं न्हाय."

तात्यांची डाळिंबाची बाग. वय सत्तरच्या आसपास, डावी बाजू गेलेली. दिवाळीआधी मी त्यांच्याकडे जायला लागले तेव्हा ते देऊळ बुडवणारं धरणाचं पाणी घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. मी हिशेब केला, उन्हाळ्यापर्यंत सहा महिने आहेत, जमेल. तसं मी त्यांना सांगितलंही.

युक्त्या

त्याच दिवाळीत माझ्या हातून चकलीचा सोऱ्या फिरेना. मग भाकरी थापताना फाटायला लागली. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, म्हणाल्या, "लक्ष कुठं असतंय तुझं?" मलाही वाटलं, लक्षच नसेल.

पेशंटची पकड कमी झाली की आम्ही चमच्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळून तो जाड करतो. नाडीच्या जागी इलॅस्टिक लावतो. बटण ओढायला तारेचा आकडा देतो. या सगळ्या वस्तू माझ्या बॅगेत असतात. त्या एकेक करून माझ्या घरी उतरायला लागल्या. आधी उलथन्याला ट्यूब लागली. मग माझ्या सगळ्या सलवारींना इलॅस्टिक लागलं. सँडलला चिकटपट्टी आली. संक्रांतीपर्यंत तारेचा आकडा माझ्या कपाटाच्या खणात होता.

आता कुणी म्हणेल, एवढं झाल्यावर बाईला कळलं कसं नाही? कळलं नाही असं नाही. पण आमचं कामच असं की अडलं की युक्ती काढायची. युक्ती चालली की मला वाटायचं, प्रश्न सुटला. दुसऱ्या कुणा बाईची भाकरी फाटली असती, ताट सुटलं असतं, तर ती महिन्याभरात डॉक्टरकडे गेली असती. मी माझ्या कामात हुशार, म्हणून सहा महिने घरात बसले नाही आणि कुणाला दिसूही दिलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

स्कूटी स्पीडब्रेकरवरून गेली की मानेपासून कमरेपर्यंत करंट उतरायचा. रस्ता खराब आहे म्हणून मी सरकारला शिव्या द्यायचे.

आणि एक भीती होती, ती आत्ताच सांगून टाकते. अकरा वर्षं मी लोकांच्या घरात आतपर्यंत जातेय. पुरुष पडला की घर त्याच्या खाटेभोवती फिरतं. बाई पडली की महिनाभर सगळे गोड बोलतात, मग तिची खाट हळूहळू मागच्या खोलीत जाते, मग तिला माहेरी ठेवायची गोष्ट निघते. बावड्याला एका सुनेला मी शेळ्यांच्या गोठ्याशेजारच्या पडवीत तपासलं होतं. तिने मला विचारलं होतं, "ताई, मी इथं तात्पुरती आहे ना?" माझा नवरा दिलीप तसा नाही. पण ती बाईही नवऱ्याबद्दल असंच म्हणायची.

तात्यांना दिसलं

फेब्रुवारीत तात्या काठी घेऊन अंगणाच्या कडेपर्यंत जायला लागले. मी पाठीमागून त्यांच्या कमरेला बांधलेला पट्टा धरलेला असायचा. पाणी मागे सरकत होतं आणि तात्या पुढे. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, रोज चहा देताना म्हणायच्या, "लई घाई करताय बगा."

एकदा सदरा घालायचा सराव चालला होता. तात्या मध्येच थांबले आणि माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "ताई, तुमी बी माझ्यावानीच बटन लावताय. यका हातानं दाबायचं, दुसऱ्यानं वढायचं."

"तुम्हाला दाखवतेय," मी म्हटलं.

"दावताय व्हय? मंग त्ये मुठीचं यंत्र पयलं सोता दाबून दावायच्या. आता कशापायी दावत न्हाय?"

मुठीचा जोर मोजायचं एक यंत्र आमच्याकडे असतं. दाबलं की काटा फिरतो. पेशंटला आधी मी दाबून दाखवायचे, मग त्याला द्यायचे. कधीपासून मी ते दाखवणं बंद केलं, माझं मलाच आठवेना. मी विषय बदलला. तात्या हसून म्हणाले, "माझा डावा, तुमचा उजवा. दोगांचा मिळून येक धड मानूस हुतोय." मीही हसले. यंत्र बॅगेच्या तळाशी सरकवलं.

त्याच दिवशी निघताना काकूंनी मागून हाक मारली. "ताई, चप्पल हितंच ऱ्हायली की तुमची." मी स्कूटीपर्यंत एका पायात चप्पल घालून गेले होते. अंगणातले खडे उघड्या पायाला लागले कसे नाहीत, हे मी स्वतःला विचारलं नाही. मुद्दामच विचारलं नाही.

एप्रिल

देवळाचं शिखर दिसायला लागलं होतं. तात्यांनी नवं धोतर काढून ठेवलं होतं. आठ-दहा दिवसांत कळसाखालचं सगळं उघडं पडेल असं त्यांचं म्हणणं होतं.

सकाळचे अकरा वाजले असतील. तात्या ओसरीची पायरी उतरत होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला, माझा उजवा हात त्यांच्या कमरेमागे पट्ट्यावर. त्यांनी डावा पाय खाली टेकला, नीट टेकला. मग ते जरा बाहेर झुकले. अशा वेळी मी पट्टा ओढून त्यांना आत घेते, ते रोजचंच. मी ओढलं. पट्टा हातात आहे असं मला वाटत होतं. खाली बघितलं तर माझी बोटं उघडी होती आणि तात्या पडत होते.

डाव्या कुशीवर पडले. तो आवाज लिहिता येत नाही.

काकू धावत आल्या. तात्या खाली पडल्यापडल्याच म्हणाले, "पाय गेला माझा. पाय गेला." ते मला वाचवायला बोलले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. काकू रडत रडत ओरडायला लागल्या, "घाई करू नगा म्हनलं हुतं का न्हाय?"

आणि मी गप्प बसले.

इंदापूरला एक्स-रे काढला. हाड मोडलं नव्हतं, मांडी काळीनिळी झाली होती. मी मोबाइलवर रिपोर्ट भरला, "पायरी उतरताना पेशंटच्या डाव्या पायाचा तोल गेला." एक ओळ. ती लिहायला मला पाच मिनिटं लागली, कारण अंगठा अक्षरावर बसत नव्हता.

दोन दिवसांनी गेले तर तात्या खाटेवरून उठायला तयार नाहीत. मी नेहमीसारखी दरडावले. तर ते म्हणाले, "पायाचा भरवसा न्हाय ऱ्हायला, ताई." त्या पायाचा काही दोष नव्हता. तेवढं एक वाक्य मी बोलले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करते.

परत येताना रस्त्याकडेला लिंबाच्या सावलीत स्कूटी लावली. बॅगेतून यंत्र काढलं आणि उजव्या मुठीने दाबलं. तीनदा दाबलं. तात्यांच्या लुळ्या हाताचा आकडा मला पाठ होता. माझा त्याच्यापेक्षा दोनने कमी आला.

निदानाचा दिवस

मॅडमना फोन केला. त्यांनी लगेच बोलावून घेतलं. मूठ भराभर उघड-मीट करायला लावली, रेषेवरून चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय टुणकन उडाला, नको तेवढा. त्या एकदम गप्प झाल्या. पेशंटसमोर मी अशी गप्प होते तेव्हा मला काय कळलेलं असतं ते मला माहीत आहे. त्यामुळे माझा धीर तिथेच सुटला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि तू पेशंट धरत होतीस?" मग पुढे, "तात्यांचं नेमकं काय झालं होतं?"

"पाय घसरला," मी म्हटलं. दुसऱ्यांदा खोटं बोलले, आणि या वेळी लगेच जमलं.

मानेचा एमआरआय झाला. पुण्याच्या सर्जननी फोटो उजेडावर धरून पेनाने दाखवलं. मणक्यांच्या मधली गादी आत घुसून मुख्य मज्जारज्जू दाबत होती. "वर्षभर तरी दबतोय. स्कूटीवरून पडला असतात तर मानेखालचं सगळं शरीर गेलं असतं. इतके दिवस लक्षात कसं आलं नाही?" दिलीप माझ्याकडे बघायला लागला. मला सांगता आलं नाही की मी माझ्या कामात फार चांगली आहे म्हणून.

"ऑपरेशनने हात पहिल्यासारखा होईल?" दिलीपने विचारलं.

"ऑपरेशन पुढचं थांबवण्यासाठी आहे. गेलेलं किती येईल, ते मी सांगू शकत नाही."

हॉस्पिटल

दहा दिवसांचं फार सांगत नाही. पहाटे पाचला स्पंजिंग, सहाला बीपी, मग डॉक्टर येईपर्यंत छताकडे बघणं. नर्सने तळपायाला टाचणी टोचली की मी श्वास धरायचे. कळली की देवाचं नाव, नाही कळली की डोळे मिटून घ्यायचे. शेजारच्या खाटेवरच्या आजींना रोज कुणीतरी विचारायचं, "आज बरं वाटतंय ना?" आणि त्या रोज "हो" म्हणायच्या. पाचव्या दिवशी त्यांची खाट रिकामी झाली. सामान्य वॉर्डात नेलं म्हणे. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मानेला कडक पट्टा होता, त्यामुळे मान वळवून बघता येत नव्हतं. जे समोर येईल तेवढंच जग. पाणी पाजायला दिलीपचा हात यायचा. पाणी गळ्याखाली सांडायचं, तो पुसायचा आणि काही बोलायचा नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. घरी आल्यावर मात्र एकदा भाजी करपली आणि तो फटकन म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर हे झालं असतं का?" ते खरं होतं. मी रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी चार दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

आत्या शेजारणीला सांगत होत्या, "गावाला उठवत फिरत हुती, आता हिला कोन उठवतंय?" मला ऐकू गेलं. मला पडवीतली ती सून आठवली. त्या दुपारी आत्या तेलाची वाटी घेऊन आल्या आणि मानेच्या पट्ट्याला धक्का न लावता अर्धा तास माझे केस विंचरत बसल्या. वेणी घट्ट घातली. जाताना म्हणाल्या, "माझ्या घरात खाट हितंच ऱ्हाईल, भायेरच्या खोलीत. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसू दे." आमच्या आत्या सोळा वर्षांत माझ्याशी एवढं गोड कधी बोलल्या नव्हत्या. मी ढसाढसा रडले.

मॅडमचा प्रश्न

जूनमध्ये मॅडम स्वतः मला शिकवायला घरी आल्या. आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या ट्यूबा सोडवल्या, आकडा काढून घेतला. "पेशंटला युक्ती लागते. तुला आधी लपवणं बंद करायला लागेल. जे होत नाही ते होत नाही म्हण."

मग वही काढली आणि मला तोच प्रश्न विचारला, जो मी शेकडो लोकांना विचारला होता. "तुला पुन्हा काय करायचंय?"

मी भाकरी म्हणणार होते. तोंडातून निघालं, "तात्यांना पायरी उतरवायचीय." आणि मग सगळं सांगितलं. बोटं उघडी होती ते, रिपोर्टमधली ओळ, "पाय घसरला" ते.

मॅडमनी वही मिटली.  "उन्हाळाभर मी त्यांच्याकडे दुसरी मुलगी पाठवली. ते पाय खालीच सोडत नाहीत. आम्ही म्हणत होतो, पेशंट सहकार्य करत नाही." उठता उठता म्हणाल्या, "रिपोर्ट मी दुरुस्त करते. तात्यांना सांगायला मात्र तूच जायचं."

यंदा उन्हाळ्यात देऊळ पूर्ण उघडं पडलं होतं. गावोगावचे लोक बघायला येऊन गेले. तात्या ओसरीवर पडून होते.

मला प्रवासाची परवानगी दसऱ्यानंतर मिळाली. खरं सांगायचं तर फोन जूनमध्येही करता आला असता. मी रोज उद्यावर ढकलत होते.

पळसदेव

दिलीप बरोबर आला. एसटीने गेलो. धरण भरलेलं होतं, पाणी पुन्हा घराजवळ आलं होतं. तात्या ओसरीवरच्या खाटेवर पाण्याकडे पाठ करून निजले होते. काकूंनी माझ्या गळ्यावरची ऑपरेशनची खूण बघितली आणि तोंडाला पदर लावला. "अगं बया! केवढं सोसलंसा!" चहा ठेवायला उठल्या, तर मी त्यांना बसवलं. चहा पिऊन सांगण्याची माझी हिंमत नव्हती.

"तात्या, त्या दिवशी तुमचा पाय घसरला नव्हता. तुम्ही नीट टेकला होता. माझा हात सुटला. मला कळलं होतं आणि मी बोलले नाही."

 आधी काकू बोलल्या, आणि माझ्याशी नाही, त्यांच्याशी. "आन् म्या तुमास्नी बोल लावत ऱ्हायले. रोज. घाई केली म्हून."

"मंजी माझा पाय चांगला हुता?" तात्यांनी विचारलं.

"हो. त्या दिवशी चांगला होता."

"पाच-सा म्हयनं शिव्या घातल्या म्या ह्येला." त्यांनी चांगल्या हाताने चादर बाजूला केली. "आन् आता?"

मी डाव्या हाताने मांडी चाचपली, उजव्याला काही कळत नाही. नुसती कातडी आणि हाड. माझा हात तिथे दोन क्षण जास्त राहिला. पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, होईल हो तात्या, मनावर घ्या.

"आता नाही," मी म्हटलं. "पुन्हा येईल की नाही, मला सांगता येत नाही."

"तवाच सांगाय पायजेल हुतं, ताई."

"हो."

ते पाण्याकडे वळले. मग म्हणाले, "उबं करा मला."

"माझ्या एकटीने होणार नाही." अकरा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. दिलीपला डाव्या बाजूला घेतलं, काकूंना उजव्या. दोघांना हात कुठे धरायचे ते सांगितलं आणि मी समोर उभी राहून आकडे मोजले. तात्या उठले. गुडघे लटलटत होते, कपाळावर घाम आला होता. चारपर्यंत उभे राहिले. पाच म्हणायच्या आत मी दोघांना त्यांना बसवायला सांगितलं.

ते बसले. दिलीपने हात काढला. काकूंनी मात्र त्यांचा सदरा मुठीत तसाच आवळून धरला होता.

"काकू, सोडा आता, बसलेत ते," मी म्हटलं.

"तुमी नगा सांगू," त्या म्हणाल्या.